फोटोचा सातबारा कुणाच्या नावावर?

समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक दिवाळी अंक काढतात आणि उरलेल्यांतले बरेच जण कुणाच्या तरी दुकानाचं, दवाखान्याचं फेसबुक पान सांभाळतात, असं मला सांगितलंय. म्हणजे फोटो सगळ्यांनाच लागतात. ते कुठून आणता, हे विचारून कुणाला हात वर करायला लावत नाही. मीही गूगलवरूनच उचलायचो. डिझाइनचं काम नवीन होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या वेबसाइटवर मी समुद्रकिनाऱ्याचा असाच एक फोटो डकवला. दीड वर्षानं त्याला परदेशातून ईमेल आलं : फोटो आमचा आहे, परवाना दाखवा नाहीतर पैसे भरा. आकडा अख्ख्या वेबसाइटच्या बिलाहून मोठा होता. घासाघीस करून तो निम्म्यावर आणला आणि मुकाट्यानं भरला. मीच भरला, गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडानं सांगणार?

तेव्हा कळलं ते असं, की फोटो विकत मिळतच नाही. शेतातून वाट असते ना, तसं आहे. तुम्हाला वहिवाटीचा हक्क मिळतो. बैलगाडी न्या, ट्रॅक्टर न्या, पण त्या वाटेवर ज्वारी पेरता येत नाही आणि ती वाट तिसऱ्याला विकता येत नाही. सातबारा छायाचित्रकाराच्याच नावावर राहतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, २०१२च्या दुरुस्तीनंतर, फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. एक गंमत जाता जाता सांगतो. पैसे देऊन तुम्ही एखाद्याकडून फोटो काढून घेतलात आणि वेगळा करार केला नाहीत, तर त्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच. लग्नाच्या अल्बमवरून भांडताना हे कुणाला आठवत नाही.

आता ‘रॉयल्टी-फ्री’. या शब्दानं जेवढा घोटाळा केलाय तेवढा दुसऱ्या कशानं केला नसेल. त्यातला ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले, की दर वापरामागे पुन्हा रॉयल्टी द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी फोटो पुरवणाऱ्या मोठ्या एजन्सी वापर मोजून पैसे घ्यायच्या : कुठल्या देशात, किती महिने, अर्धं पान की पूर्ण पान. मग २००० साली कॅनडातल्या कॅल्गरीत आयस्टॉकफोटो हे फोटोंचं ऑनलाइन दुकान सुरू झालं आणि फोटो एक-दोन डॉलरला मिळू लागले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन ओरिंजरनं स्वतः काढलेले सुमारे ३०,००० फोटो टाकून शटरस्टॉक काढलं आणि मासिक वर्गणीची पद्धत रुळवली. गेटी इमेजेस या तशाच एका बड्या एजन्सीनं २००६ मध्ये आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरला विकत घेतलं. म्हणजे ज्यानं बाजार पाडला त्यालाच घरात घेतलं.

परवान्यातलं बारीक अक्षर कुणी वाचत नाही, म्हणून नेहमी अडतं तिथलंच सांगतो. शटरस्टॉक किंवा अडोबी स्टॉकच्या साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा पाच लाख आहे. आपल्या दिवाळी अंकाला ती गाठायला किती दिवाळ्या लागतील, ते तुम्ही मोजा. पण तोच फोटो मगवर, टी-शर्टवर, विकायच्या पोस्टरवर छापलात, तर वस्तू फोटोमुळेच खपते असं धरतात आणि त्याला महागडा विस्तारित परवाना लागतो. लोगोत तर वापरायचाच नाही. ज्या फोटोखाली ‘एडिटोरियल’ असं लिहिलंय, उदाहरणार्थ सामना सुरू असलेलं वानखेडे, तो लेखासोबत चालेल, सराफाच्या जाहिरातीत नाही.

आणि मॉडेलची अब्रू. मूळव्याधीच्या दवाखान्याच्या फ्लेक्सवर एक हसरा गोरा माणूस तुम्ही पाहिला असेल. तो कुठल्यातरी युरोपातल्या शहरात सुखानं राहत असेल आणि आपण तालुक्याच्या एसटी स्टँडवर मूळव्याधीचे रुग्ण म्हणून उभे आहोत, हे त्याच्या गावीही नसेल. बहुतेक परवान्यांत मॉडेलला रोगी, व्यसनी किंवा गुन्हेगार म्हणून दाखवायला बंदी किंवा कडक अटी असतात. डॉक्टरांचं काम घेणाऱ्यांनी हे कलम तेवढं नक्की वाचा.

खरोखर फुकट मिळतात तेही फोटो आहेत. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे. धंद्यासाठीही वापरता येतात, नाव देण्याची सक्ती नाही. पण फोटोतल्या माणसानं लेखी संमती दिली आहे, याची हमी तिथे मिळेलच असं नाही. अनस्प्लॅश २०२१ मध्ये गेटीनं घेतलं, बाकीची दोन २०१९ मध्ये कॅनव्हा या डिझाइनच्या वेबसाइटनं. आणि फुकटच्या फोटोवर कुणी पैसे मागू शकत नाही असं वाटत असेल, तर कॅरल हायस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकार बाईंचं ऐका. त्यांनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाला, म्हणजे सगळ्या जगाला, देऊन टाकले. पुढे त्यांच्याच संस्थेच्या वेबसाइटवर त्यांचाच फोटो होता म्हणून त्यांना फोटो विकणाऱ्या एका एजन्सीच्या वतीनं १२० डॉलर भरा असं पत्र आलं! त्या २०१६ मध्ये कोर्टात गेल्या, पण कॉपीराइटचा दावा टिकला नाही. हक्क सोडलेल्या फोटोची दुकानदारी कुणालाही करता येते.

आता खिशाकडे. समजा, महिन्याला १० फोटोंची वर्गणी २,५०० रुपये आहे. फोटो अडीचशेला पडला म्हणून आपण खूश. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागला तर झाले २,९५०. आणि महिन्यात वापरले तीनच? मग एक फोटो साधारण ९८३ रुपयांना पडला. ज्याला वर्षाकाठी एक मुखपृष्ठ आणि चार-पाच चित्रं लागतात, त्यानं वर्गणीच्या वाटेला जाऊच नये; सुटे फोटो किंवा क्रेडिटचा पॅक, म्हणजे आगाऊ पैसे भरून लागतील तसे फोटो, घ्यावेत. वर्गणी संपल्यावर आधी घेतलेल्या फोटोंचं काय, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळं. काही ठिकाणी परवाना कायम राहतो. एन्वाटोसारख्या ठिकाणी जुन्या कामात राहतो, नव्या कामात वापरता येत नाही.

खरी मेख ‘वार्षिक, पण दरमहा भरा’ या ओळीत असते. हप्ता महिन्याचा, बांधिलकी वर्षाची. अडोबीच्या अशा योजनेत सुरुवातीचे १४ दिवस उलटल्यावर सोडलं, तर उरलेल्या रकमेच्या निम्मे भरावे लागतात. मघाच्या २,५०० रुपयांच्या हिशेबानं चार महिन्यांनी सोडलं तर आठ महिन्यांचे २०,००० उरले, त्यातले १०,००० सोडण्याचे! हे शुल्क नीट दिसत नाही, असा आरोप करत अमेरिकी सरकारनं जून २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या संस्थेच्या सांगण्यावरून अडोबीवर खटला भरला.

फुकटची ट्रायल याच वाटेनं येते. कार्ड आधी मागतात, महिना फुकट असतो आणि एकतिसाव्या दिवशी ती आपोआप वर्गणी होते. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. पण १५,००० पर्यंत ओटीपी विचारत नाहीत आणि तो मेसेज कर्जवाल्यांच्या मेसेजांच्या ढिगात जातो. माझा एकदा असाच गेला. भारत सरकारनं २०२३ मध्ये ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली, त्यांत वर्गणीचा सापळाही आहे. तरी ‘रद्द करा’चं बटण शोधायला चष्मा लागतोच. बटण सापडलं की लगेच ‘थांबा, दोन महिने आणखी फुकट’ असं येतं. तिथे विरघळू नका.

मी ट्रायल घेतो त्याच मिनिटाला मोबाइलमध्ये शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधीची घंटा लावतो. आणि फोटोबरोबर परवान्याची पावती त्याच फोल्डरात ठेवतो; पत्र आलंच तर तीच दाखवायची असते.

योगायोग बघा, परवासाठीची एक घंटा आज सहाला वाजणार आहे. पावणेसहा झालेत. प्रश्न घेऊच, पण आयोजकांनी वायफायचा पासवर्ड तेवढा सांगावा.