बाटलीवरचा आकडा, बिलावरचा आकडा

नमस्कार श्रोतेहो.

टीप या गोष्टीला निरनिराळ्या भाषांत काय म्हणतात ते जरा ऐका. फ्रेंचमध्ये पूरब्वार, म्हणजे सरळसरळ 'पिण्यासाठी'. जर्मनमध्ये ट्रिंकगेल्ड, पिण्याचे पैसे. डॅनिश शब्दाचा अर्थ तोच, पोलिश शब्दाच्या पोटातही पिणंच दडलेलं. रशियन शब्द तेवढा सोवळा निघाला, त्यात चहा आहे. ज्यानं आपल्याला वाढलं त्यानं घरी जाताना आपल्या नावानं एक पेला घ्यावा, एवढाच त्या नाण्याचा मूळ हेतू. इंग्रजीतला 'टिप' हा शब्द 'तत्पर सेवेची हमी' अशा अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं जुळवून झाला, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर हसून मान डोलवा. ती गोष्ट मागाहून रचलेली आहे.

तर वेटरचा पेला आणि टेबलावरची बाटली यांचं नातं जुनं आहे. आज दोघांचा हिशेब एकत्रच मांडू या. रेस्टॉरंटमधली वाईन एवढी महाग का, हे आपण एकदा विचारतो, आणि टीप किती द्यायची, हे दुसऱ्यांदा. मला विचाराल तर प्रश्न एकच आहे: वाढणाऱ्याचा पगार बिलाच्या कुठल्या ओळीत लिहायचा?

आधी बाटली बघू. धंद्यातला ढोबळ हिशेब असा, की वाईन घाऊक भावानं जितक्याला पडली त्याच्या तिप्पट यादीत लिहायची. दुकानात तीच बाटली घाऊक भावाच्या साधारण दीडपटीला मिळते. म्हणून ओळखीची बाटली यादीत दिसली की आपला जीव वरखाली होतो. पण स्वयंपाकघराकडेही बघा. भाजी नासते, मासा एका दिवसाचा पाहुणा, निवडायला, चिरायला, शिजवायला माणसं लागतात, आणि जेवणाचे दर फार चढवले तर गिऱ्हाईक फिरकत नाही. बाटलीचं तसलं काही नाही. ती आडवी पडून राहते, बोलावलं की येते. म्हणून जागेचं भाडं, वीज, फुटलेले ग्लास, धुलाईला गेलेले रुमाल, सगळं तिच्या डोक्यावर.

ग्लासनं घ्याल तर गणित आणखी कडक. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात, आणि पहिल्याच ग्लासात बाटलीची घाऊक किंमत वसूल करायची असा बऱ्याच ठिकाणचा रिवाज. उरलेल्या चारांतला एखादा ओतून टाकावा लागतो, कारण उघडलेली वाईन काही दिवसांत उतरते. त्यावर उपाय म्हणून २०१३ साली कोराव्हिन नावाचं उपकरण बाजारात आलं. बुचातून बारीक सुई आत घालायची, हवी तेवढी वाईन काढायची, तिच्या जागी आरगॉन वायू सोडायचा. बूच जागच्या जागी! त्यामुळे उंची बाटल्याही ग्लासनं विकता येऊ लागल्या. ग्लास मात्र स्वस्त झाला नाही.

बरं, तिपटीचा नियम सगळ्या यादीला सारखा नसतो. एक समज असा, की यादीतली खालून दुसरी वाईन कधी घेऊ नये. सर्वात स्वस्त मागवायला लाज वाटणारे तीच मागवतात आणि मालक तिथेच हात मारतो. लंडनमधल्या २४९ रेस्टॉरंटांच्या याद्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा निघालं भलतंच. सर्वात जास्त पट चढवलेली होती यादीच्या मधल्या बाटल्यांवर. खालून दुसरी बिचारी निर्दोष सुटली.

आता ही बाटली हातात घेऊन जरा फिरू. यादीत आकडा आहे ६०. चलन त्या त्या गावाचं.

न्यूयॉर्क. ६० डॉलरची बाटली, म्हणजे मालकाला साधारण २० ला पडलेली. त्यावर ८.८७५ टक्के विक्रीकर, म्हणजे ५ डॉलर ३३ सेंट. मग टीप. २० टक्के धरली तर १२ डॉलर. एकूण ७७ डॉलर ३३ सेंट. वीसची बाटली सत्याहत्तरला! यात मला खटकते ती टक्केवारी. बाटली ४० डॉलरची असो की ४०० ची, वेटर ती तशीच आणतो. १८८२ साली एका जर्मन माणसानं पेटंट घेतलेला तो घडीचा कॉर्कस्क्रू खिशातून काढतो, पात्यानं गळ्याभोवतीची पन्नी कापतो, स्क्रू फिरवतो, दोन झटक्यांत बूच बाहेर. मिनिटभराचं काम. एका टेबलावर त्याचे ८ डॉलर होतात, शेजारच्या टेबलावर ८०. भारी बाटल्यांची माहिती असलेला माणूस ठेवावा लागतो, हे मान्य. पण ती माहिती तिप्पट भावात आधीच मोजून झालेली नसते का?

तरी तिथे टीप टाळून उठू नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायची किमान मजुरी आहे तासाला २.१३ डॉलर. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टीप मिळवून एकूण मजुरी ७.२५ पर्यंत पोचली की झालं. कमी पडली तर फरक मालकानं भरायचा. न्यूयॉर्कनं आपला आकडा बराच वर ठेवलाय, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत हा भेदच नाही. पण जिथे २.१३ चालतो, तिथे पगार गिऱ्हाईकच देतं. याचं मूळ फारसं गोड नाही. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीनं रेल्वेच्या शयनयानांत कृष्णवर्णीय कामगार घेतले. त्यातले कितीतरी नुकतेच गुलामीतून सुटलेले. पगार तुटपुंजा, बाकी टीपवर भागवा. त्यांनी १९२५ मध्ये संघटना बांधली, आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ उजाडलं. मधल्या काळात टीपविरुद्ध कायदेही झाले. वॉशिंग्टन राज्यानं १९०९ मध्ये टीप हा गुन्हाच ठरवला होता. ते कायदे टिकले नाहीत.

अलीकडचा प्रयोगही असाच गेला. न्यूयॉर्कचे डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टीप काढायला सुरुवात केली, पगार जेवणाच्या दरातच धरला. हिशेब प्रामाणिक होता, पण मेन्यूवरचे त्यांचे दर शेजाऱ्यापेक्षा महाग दिसायचे. बिल शेवटी सारखंच, पण माणूस मेन्यू आधी वाचतो. २०२० मध्ये टीप परत आली.

पॅरिसमध्ये ६० म्हणजे ६०. कर आत, सेवा आत. १९८७ पासून तसा नियमच आहे. उठताना दोन-चार युरोची नाणी ठेवलीत तर छान, नाही ठेवलीत तर कुणी वळून बघत नाही.

सिंगापूरमध्ये मेन्यूच्या तळाशी दोन अधिकची चिन्हं दिसतील. नीट बघा. पहिलं अधिक म्हणजे १० टक्के सेवाशुल्क: ६० चे ६६. दुसरं म्हणजे ९ टक्के कर, आणि तो ६६ वर. झाले ७१ डॉलर ९४ सेंट. म्हणजे सेवेवरसुद्धा कर भरायचा, आणि ते सेवाशुल्क वेटरच्याच हातात पडेल असं बंधन नाही. शिवाय बाटली तिथवर येतानाच भारी झालेली असते. शुद्ध अल्कोहोलच्या दर लिटरमागे ८८ डॉलर जकात. १३ टक्क्यांच्या एका बाटलीवर साडेआठ डॉलरच्या वर. वाईन राजाची असो की रंकाची, जकात तीच. म्हणजे मार बसतो स्वस्त वाईनला. हाँगकाँगनं २००८ मध्ये वाईनवरची जकात शून्य केली आणि बघता बघता ते वाईनच्या लिलावांचं मोठं केंद्र झालं.

लंडनच्या बिलात सेवाशुल्काचे १२.५ टक्के आधीच लिहून येतात. तेवढे ऐच्छिक असतात, काढायला सांगता येतात, पण भरल्या टेबलावर ते म्हणायला धीर लागतो. ही रक्कम कामगारांचीच, मालकानं तिला हात लावायचा नाही, हा कायदा लागू झाला थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. तोवर ती मालकाच्या मर्जीवर होती.

आणि जपान? टेबलावर पैसे ठेवून निघालात तर 'आपले पैसे राहिले' म्हणत वेटर दारापर्यंत धावत येईल. तिथे टीप नाही. मात्र इझाकायात, म्हणजे तिथल्या पिण्या-खाण्याच्या साध्या अड्ड्यावर, बसल्या बसल्या न मागवलेली एक चिमुकली बशी समोर येते, ओतोशी, आणि तिचे माणशी पैसे बिलात लागतात. एकूण काय, दार एक बंद केलं की खिडकी किलकिली होतेच.

ऑस्ट्रेलियात एक वेगळीच सोय सापडते: आपली बाटली आपणच घेऊन जायची. मेलबर्नच्या कितीतरी जागी ही मुभा आहे. रेस्टॉरंट फक्त कॉर्केज घेतं, म्हणजे उघडून देण्याचे आणि ग्लासांचे पैसे. मला ही व्यवस्था सर्वात स्वच्छ वाटते, कारण सेवेची किंमत एकदाच, एकाच ओळीत, उघड लिहिलेली असते.

अशी बाटली नेणाऱ्यांत एक जुनी पद्धत आहे. वाईन खास असेल तर ती उघडून देणाऱ्या सोमेलिएला, म्हणजे रेस्टॉरंटच्या वाईनच्या जाणकाराला, त्यातलीच दोन बोटं चाखायला देऊ करायची. तो नाकाशी ग्लास धरतो, एक घोट घेतो, काहीतरी बोलतो. खऱ्या अर्थानं पूरब्वार.

नमस्कार.