शेवटच्या बादलीतली नीळ

श्रोतेहो, नमस्कार.

धुण्याचा दिवस संपत आला की पांढरी चादर दोरीवर जायची. ती स्वच्छ झाली आहे की नाही, हे नाकाला कळायचं. डोळ्याला कळायचं ते वेगळंच: शेवटच्या बादलीवर कुणाचा हात होता. सगळा दिवस घासण्या-आपटण्यात नीट गेला आणि शेवटची पाच मिनिटं चुकली, तर चादरीवर निळे ओघळ. ते बघायला शेजारच्यांना दुर्बीण लागत नसे.

आज बोलायचं आहे ते यंत्र येण्याआधीच्या धुण्याबद्दल. पण अख्खा दिवस आपल्या वेळात मावणार नाही. म्हणून मी त्यातली एकच बादली उचलणार आहे, निळीची. बाकीचं भराभर सांगून टाकतो, तुम्हाला ते ठाऊक आहेच.

आदल्या रात्री कपडे भिजत घालायचे. पांढरे सुती एकीकडे, रंगीत दुसरीकडे. लोकरी आणि रेशमी पार लांब, कारण धुण्याचा सोडा लोकर आणि रेशीम खातो. रक्ताचा किंवा दुधाचा डाग असेल तर पाणी गारच घ्यायचं. गरम पाण्यात तो डाग शिजतो, आणि शिजला की बसला. सकाळी ते पाणी ओतून कॉलरी, बाह्या, अभ्र्यांच्या कडा साबण लावून चोळायच्या. मग पांढरे कपडे चुलीवरच्या मोठ्या भांड्यात, साबणाचा कीस आणि चमचाभर सोडा घालून, वीस-पंचवीस मिनिटं उकळायचे. भांडं गच्च भरायचं नाही. काठीने कपडे वरखाली करता आले पाहिजेत, नाहीतर मधले कपडे कोमटच राहतात. पाणी जड असेल, म्हणजे साबणाला फेस येत नसेल, तर आधी सोडा आणि नंतर साबण. उलटं केलं तर साबणाची करडी साय होते आणि कपड्यालाच चिकटते. पुढे आपटणं आणि चोळणं आलंच.

आता विसळणं. इथे मात्र भराभर नाही. तीन पाणी लागतात, आणि त्यातलं पहिलं गरम. साबण गार पाण्यात आखडतो आणि धाग्यात अडकून बसतो. तिसऱ्या पाण्यात हात घातल्यावर बोटं बुळबुळीत लागली तर चौथं पाणी घ्या. साबण पूर्ण निघाला पाहिजे. पुन्हा सांगतो, निळीच्या बादलीकडे जाण्याआधी साबण पूर्ण निघाला पाहिजे. हल्ली यंत्रात पावडर ओतताना जो हात सैल सुटतो, तो बघितला की वाटतं, आपण कपडे धुतोय की त्यांना पावडर खाऊ घालतोय? असो, तो वेगळा विषय आहे.

नीळ मळ काढत नाही. हे नीट ऐका, कारण अर्धे घोळ इथेच होतात. नीळ मळ काढत नाही, नीळ पिवळेपणा झाकते. सुती कापड मुळातच थोडं साईच्या रंगाचं. त्यात अंगाचं तेल, इस्त्रीची ऊब आणि वय यांनी ते आणखी पिवळं होत जातं. पिवळं दिसतं याचा अर्थ कापडावरून परत येणाऱ्या उजेडात निळा भाग कमी पडतो. आपण त्यावर निळ्याचे अगदी बारीक कण बसवतो. ते पिवळ्या-तांबड्या उजेडाचा थोडा भाग गिळतात आणि तोल जमतो. खरं पाहिलं तर कापड किंचित काळवंडलेलं असतं. पण पिवळं नाही म्हणून डोळा त्याला पांढरं म्हणतो. मळकट चादर निळीत बुडवली तर ती पांढरी होत नाही, निळसर-मळकट होते.

आता कृती. मोठी बादली भरून गार पाणी घ्यायचं. नीळ सुटी टाकायची नाही. जाड फडक्याच्या दुहेरी पुरचुंडीत बांधून पाण्यात दाबायची. कारण जुनी नीळ साखरेसारखी विरघळत नाही, तिचे कण पाण्यात नुसते तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाला बसतात. सुटी टाकली की एखादा खडा नेमका चादरीच्या मधोमध जाऊन बसतो. रंग बादलीत बघून ठरवायचा नाही, बादलीत तो नेहमी गडदच दिसतो. ओंजळीत पाणी घ्या. सकाळच्या आभाळाइतका फिका रंग दिसला तर पुरे. शंका असेल तर पांढऱ्या फडक्याचं टोक बुडवून पिळून बघा.

कपडा ओला हवा, पिळलेला हवा आणि पूर्ण उलगडलेला हवा. कोरडा कपडा जिथे आधी टेकतो तिथे जास्त पितो. घडीचा कपडा घडीवर पट्टे घेतो. एका वेळी एकच कपडा. प्रत्येक कपड्याआधी हाताने तळापासून पाणी ढवळायचं, कपडा दोन-तीनदा वरखाली करायचा आणि लगेच बाहेर काढायचा. निळीच्या पाण्यात कपडा थांबवायचा नाही. दाराशी कुणी आलं तर कपडा आधी बाहेर, मग दार. निळीच्या पाण्यात कपडा थांबवायचा नाही, कारण कण खाली बसतात आणि कापडाच्या चुण्यांत साचतात. चार-पाच कपडे झाले की पाणी फिकं पडतं. तेव्हा बादलीत कपडा नसताना पुरचुंडी पुन्हा दाबायची. पिळतानाही सारखा पीळ द्यायचा, दोरखंड करायचा नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. ही पुरचुंडीतली निळी पूड कुठून आली?

नीळ हा शब्द झाडाचा. त्या झाडाच्या पानांची नीळही एके काळी कपड्यांना देत असत. पण ढवळलं नाही की तळाला बसणारी ती पूड झाडाची नाही. तिचं नाव अल्ट्रामरीन, म्हणजे समुद्रापलीकडची. हा रंग शतकानुशतकं एका दगडातून निघायचा. तो दगड लाजवर्द, आणि त्याच्या प्रसिद्ध खाणी अफगाणिस्तानात बदख्शानच्या डोंगरांत. तिथून तो युरोपात पोहोचेपर्यंत त्याची किंमत सोन्याशी स्पर्धा करू लागायची. चित्र काढून घेणारं गिऱ्हाईक करारातच लिहून घ्यायचं की निळा अस्सल वापरायचा. आणि दगड नुसता कुटून रंग मिळत नसे, कुटला की करडी पूड हाती यायची. मग ती पूड मेण, राळ आणि तेल यांच्या गोळ्यात कालवून तो गोळा राखेच्या खारट पाण्यात मळायचा. निळे कण सुटून पाण्यात उतरत आणि दगडाची घाण गोळ्यात राहत असे. श्रोतेहो, हे राखेचं पाणी म्हणजे कपडे धुण्याचंच पाणी. आपण मळ पाण्यात सोडतो आणि कापड ठेवतो. ते लोक मळ गोळ्यात ठेवत आणि रंग पाण्यात सोडत. धुणंच ते, फक्त उलटं.

पुढे गंमत सुरू होते. १७८७ मध्ये जर्मन कवी गटे सिसिलीत फिरत होता. पालेर्मोजवळच्या चुन्याच्या भट्ट्यांत त्याला निळे थर दिसले. तिथले लोक ते खरवडून लाजवर्दाऐवजी सजावटीत बसवत होते, आणि त्यांना त्यात काही नवल वाटत नव्हतं. पुढे १८१४ मध्ये फ्रान्समध्ये सँ-गोबँच्या कारखान्यात तासार नावाच्या गृहस्थाला सोड्याच्या भट्टीत असाच निळा पदार्थ मिळाला. आपल्या ओळखीचा सोडा, धुण्याचा! व्होक्लां या रसायनज्ञाने तो तपासला तेव्हा तो लाजवर्दाच्या निळ्याशी जुळला. म्हणजे हजारो मैलांवरच्या डोंगरातला रंग सोड्याच्या भट्टीत आपसूक तयार होत होता. आपसूक झालं ते मुद्दाम का करता येऊ नये?

१८२४ मध्ये उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका फ्रेंच संस्थेने बक्षीस लावलं: ६,००० फ्रँक. अट अशी की बनवलेला निळा किलोला ३०० फ्रँकपेक्षा महाग पडता कामा नये. अस्सल निळ्याला तेव्हा किलोमागे हजारांनी फ्रँक मोजावे लागत. मला ही बक्षिसाची पद्धत फार आवडते. आधी करून दाखव, मग पैसे घे. आजच्या समित्या आधी पैसे देतात आणि मग अहवालाची वाट बघत बसतात. पण ते राहू द्या.

१८२८ मध्ये बक्षीस मिळालं जाँ-बाप्तिस्त गिमे या फ्रेंच माणसाला. हा सरकारी दारूगोळ्याच्या खात्यातला, आणि बायको झेली चित्रकार. घरात निळ्याचा भाव काय आहे हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. त्याने कृती गुप्त ठेवली. इकडे जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक ग्मेलिन संतापले. त्यांचं म्हणणं असं की मी हे आधीच शोधलं होतं, आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये रसायनज्ञांशी त्याविषयी बोललोही होतो. रागाच्या भरात त्यांनी जे केलं ते आपल्या फायद्याचं ठरलं: त्यांनी स्वतःची कृती सरळ छापून टाकली. बक्षीस गिमेकडेच राहिलं. पण कृती जगापुढे आली आणि कारखाने निघू लागले. जर्मनीत कार्ल लेव्हरकुस याने १८३४ मध्ये अल्ट्रामरीनचा कारखाना काढला. आज लेव्हरकुझेन नावाचं जे शहर आहे, ते याच माणसाच्या नावाचं. एका शहराचं नाव निळीवरून पडलंय, असं म्हटलं तर फारसं चूक नाही.

कृतीत होतं काय? चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा. बस. हे मिश्रण बंद भट्टीत साधारण ७०० ते ८०० अंशांवर सावकाश भाजायचं. आधी ते हिरवट होतं. मग हवा मिळाली की हळूहळू निळं होतं. रंग येतो गंधकाचा: मातीच्या कणांच्या पिंजऱ्यात गंधकाचे तीन-तीन अणू अडकून बसतात. पिवळं गंधक, पांढरी माती, पांढरा सोडा, काळा कोळसा. चौघांत निळं कुणीच नाही, आणि बाहेर येतं ते गर्द निळं. राजवाड्यातल्या चित्रांसाठी जपून वापरायचा रंग धुण्याच्या बादलीत बुडायला लागला तो असा.

गिमेचा कारखाना ल्यों शहराजवळ, साओन नदीकाठी होता. निळीवर त्याने अमाप पैसा केला. आता गोष्टीचा शेवट ऐका. त्याचा मुलगा एमिल कारखान्याचा वारस. त्याला निळीपेक्षा देवांत रस. १८७६ मध्ये तो एका चित्रकाराला बरोबर घेऊन निघाला आणि जपान, चीन, भारत बघून आला. मूर्ती, चित्रं, पोथ्या पेट्या भरभरून गोळा केल्या. १८७९ मध्ये ल्योंमध्ये आणि १८८९ मध्ये पॅरिसमध्ये त्याने संग्रहालय उघडलं. पॅरिसचं गिमे संग्रहालय आजही आहे, आशियाई कलेसाठी जगभर नावाजलेलं. तिथले बुद्ध आणि विष्णू ज्या पैशाच्या पायावर पहिल्यांदा उभे राहिले, तो पैसा लोकांच्या चादरी पांढऱ्या दिसण्यातून आलेला होता. आणि धुणं धुणाऱ्या बायांची त्या इमारतीवर कुठे पाटी असावी की नाही? माझ्या मते असावी. निदान बादलीएवढी.

घड्याळ मला खुणावतंय. खळ आणि इस्त्री राहिली. आधी निळीतल्या दोन चुका, मग तेवढं उरकतो.

पहिली चूक साबणाची. एके काळी निळीच्या नावाखाली प्रशियन ब्लू हा दुसरा रंगही विकला जायचा. त्यात लोखंड असतं. कपड्यात साबण किंवा सोडा राहिला असेल तर तो रंग फुटतो, आणि इस्त्री फिरली की गंजाचे पिवळसर-तांबूस ठिपके उमटतात. घरात सगळे इस्त्रीला बोल लावायचे. इस्त्री बिचारी निर्दोष. साबण पूर्ण निघाला पाहिजे, असं मी दोनदा म्हटलं ते उगाच नाही.

दुसरी चूक जास्त निळीची. अल्ट्रामरीन सोड्याला आणि चुन्याला दाद देत नाही, म्हणून ती भिंतीच्या चुन्यातही चालते. पण आम्लापुढे तिचा रंग उडतो. कपडा फार निळा झाला तर बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घालून त्यात खळबळा आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. किंचित सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, तो पिंजऱ्यातून सुटलेला गंधक. मात्र बाजारातली हल्लीची पातळ नीळ बहुधा विरघळणाऱ्या रंगाची असते, तिला हा उपाय लागू पडेलच असं नाही.

खळ: दोन चमचे स्टार्च आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळतं पाणी ओतत ढवळायचं, पारदर्शक होईपर्यंत. उकळत्यात कोरडी पूड टाकली तर गुठळ्या होणारच. कपडे त्यात बुडवून, पिळून कडक वाळवायचे, मग हाताने पाणी शिंपडून गुंडाळी करून तासभर ठेवायचे. कोळशाच्या इस्त्रीत निखारे पूर्ण लाल झाल्याशिवाय ती कपड्याला लावायची नाही, अर्धवट कोळसा धुरकट डाग देतो. आणि राख उडवायला फुंकर मारायची ती कपड्याकडे पाठ करून.

नमस्कार.