एकच ऱ्हायलाय

(पडदा काळा. कापडी पिशवीत सोंगट्या हलवल्याचा खुळखुळाट.)

हा आवाज ओळखीचा वाटला असेल, तर तुमच्याही सोसायटीत गणपती बसतो.

(दृश्य: रात्र. अपार्टमेंटचं पार्किंग, सतरंज्या, मागे गणपती आणि झगमगत्या माळा.)

सांगली, विश्रामबाग. वर्ष २०२५. गाड्या रस्त्यावर काढून पार्किंग मोकळं केलंय. आरती झाली, प्रसाद झाला, आणि खरी गर्दी आत्ता जमलीय, हाऊसीसाठी. २० रुपयांना एक तिकीट. जल्दी फाईव्हला, म्हणजे पहिले पाच आकडे लागतील त्याला, स्टीलचा डबा, ओळींना कपबश्या, फुल हाऊसला, म्हणजे अख्खं तिकीट भरलं की, कुकर.

पिशवी धरून उभे आहेत ते माझे काका. मावशीचे यजमान. एसटीत कंडक्टर होते. 'पुढं सरका, पुढं सरका' करून तयार झालेला गळा, त्यामुळं त्यांना माईक लागत नाही. मंडळालाही ते परवडतं.

(काकांचा आवाज: "अष्टविनायक, आठ! पांडव सगळे, पाच! युगे अठ्ठावीस, अठ्ठावीस!")

(दृश्य: मावशीचं तिकीट, अगदी जवळून.)

३ ओळी, ९ रकाने. २७ घरं, त्यांतली १५ भरलेली, प्रत्येक ओळीत ५ आकडे. आकडे १ ते ९०. खूण करायला पेन चालतं, पण आमच्या मावशीकडं बेदाणे असतात. तासगाव हाकेवर आहे, बेदाण्याला काय तोटा. अडचण एवढीच, की नातवंडं मांडीवर बसलेली असतात आणि चौथ्या-पाचव्या आकड्यापासून खुणा खायला सुरुवात होते. दर वर्षी एक तरी फुल हाऊस असं पोटात जातं. मग वाद, मग पडताळणी, मग 'बोगी, बोगी', म्हणजे दावा खोटा, असा गजर.

(दृश्य: पिशवीतून काढलेल्या सोंगट्या. त्यांत सोड्याच्या बाटलीचं एक झाकण.)

हे झाकण बघून ठेवा. ४७ नंबरची सोंगटी तीन वर्षांपूर्वी हरवली. तेव्हापासून ४७ म्हणजे हे पत्र्याचं झाकण, वर मार्करनं लिहिलेलं. आता पिशवीत हात घातला की प्लास्टिक कुठलं आणि पत्रा कुठला, हे बोटांना कळणारच. म्हणून काकांचा हात जरा जास्त वेळ आत राहिला, की पोरं ओरडतात, "काका, चाचपायचं नाही!"

(काका: "आरं शपथ घिऊन सांगतो, माझी बोटं आंधळी हायत!")

खेळ अर्ध्यावर येतो आणि पार्किंगचा आवाज बदलतो. गप्पा बंद. कुणीतरी गुडघ्यावर उठून बसतं. मागून एक बाई शेजारणीला म्हणते, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू, "एकच ऱ्हायलाय."

ही फिल्म त्या दोन शब्दांची आहे.

(दृश्य: रात्रीचे साडेअकरा. गॅलरी. अंधारात मोबाईलचा निळा उजेड काकांच्या तोंडावर.)

खाली भडंगाच्या प्लेटा उचलून झाल्या. वर काकांचा दुसरा खेळ सुरू झालाय. इथं पिशवी नाही आणि माणसंही नाहीत. ५ बाय ५ चा चौकोन, २५ आकडे. खाली एक पट्टी, तिच्यात ५ खिडक्या. बटण दाबलं की खिडक्यांतले आकडे गरगर फिरतात आणि थांबतात. ही झाली एक स्पिन. ज्या रकान्याखाली आकडा थांबला, त्या रकान्यात तो असेल तर खूण होते. आडवी, उभी किंवा तिरकी ओळ भरली की घंटी.

म्हणजे वर बिंगो, हाऊसीचा विलायती भाऊ, आणि खाली स्लॉट मशीन, कॅसिनोतलं चाकं फिरवून नशीब लावायचं यंत्र. एकाच पडद्यावर दोघांचा संसार.

काका बटण दाबण्याआधी अंगठा जिभेला लावतात. तिकीट फाडायची जुनी सवय. ओला अंगठा फोनला कळत नाही. मग लुंगीला पुसायचा, परत दाबायचा. त्या निमित्तानं दोन स्पिनमध्ये थोडं अंतर पडतं. ही सवय जाऊ नये असं मला वाटतं. कारण पुढं सांगतो.

(दृश्य: पाटीवर खडूनं काढलेला ५ बाय ५ चा चौकोन.)

या जातीच्या मूळ खेळाचं नाव स्लिंगो. स्लॉटमधला स्ल, बिंगोमधला इंगो. १९९४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका बांधकाम व्यावसायिकाला तो सुचला. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेवर तो आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. तेव्हा जिंकायचे ते फक्त गुण. २० स्पिन मिळायच्या. जोकर आला तर त्याच्या रकान्यातला कुठलाही आकडा तुमचा. सुपर जोकर आला तर अख्ख्या चौकोनातला कुठलाही. सैतान आला तर गुण निम्मे. आणि त्या सैतानाला हाकलायला एक गुबगुबीत देवदूत.

पुढं खेळ या हातातून त्या हातात गेला. २०१५ मध्ये गेमिंग रिअल्म्स या ब्रिटिश कंपनीनं तो १ कोटी ८० लाख डॉलरला घेतला, आणि त्याची पैसे लावून खेळायची रूपं परदेशातल्या परवानाधारक ऑनलाइन कॅसिनोंत दिसू लागली. काकांच्या फोनवर आहे तो त्याच घराण्यातला, पण फुकटचा. नाण्यांवर चालणारा. नाणी म्हणजे पडद्यावरची.

आता पाटीकडं बघा. कंडक्टरच्या गॅलरीत हिशेब व्हायलाच पाहिजे.

चौकोनात ओळी किती? ५ आडव्या, ५ उभ्या, २ तिरक्या. १२. सगळी घरं सारख्या मोलाची नाहीत. मधलं घर ४ ओळींत येतं. तिरक्या रेघांवरची बाकीची ८ घरं ३ ओळींत. उरलेली १६ फक्त २ ओळींत. म्हणून जोकर मिळाला तर तो मध्ये, नाहीतर तिरकीवर. अगदी तोंडाशी आलेली ओळ असेल तरच तो नियम मोडायचा. या खेळात अक्कल लावायची जागा एवढीच. बाकी सगळं फिरणाऱ्या खिडक्यांच्या हातात.

यातून एक गंमत निघते. बारापैकी अकरा ओळी कधीच होत नाहीत. शेवटचं घर कुठलंही असो, ते निदान २ ओळींत असतंच. त्यामुळं माणूस दहावर तरी अडकतो, नाहीतर बारावर उडी मारतो. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे मिरजेला थांबायची सोयच न्हाई. एकतर अंकलीला उतरा, न्हाईतर डायरेक्ट सांगली."

(दृश्य: पाटीवर पाचवा रकाना. ६१ ते ७५.)

आता खरा आकडा. पहिल्या रकान्यात १ ते १५ मधले आकडे, दुसऱ्यात १६ ते ३०, असं करत पाचव्यात ६१ ते ७५. प्रत्येक खिडकीत १५ पैकी एक आकडा येणार. चौकोनात त्यांतले ५. सुरुवातीला सोपं वाटतं, कारण प्रत्येक खिडकीत ३ पैकी १ संधी, आणि खिडक्या पाच. पहिल्या दोन-तीन स्पिनमध्ये खुणाच खुणा. मग हळूहळू घरं भरतात आणि संधी आटते. जोकर-सैतान बाजूला ठेवले, तर २० स्पिनमध्ये सरासरी १८-१९ घरं भरतात. उरली ६-७, इकडं एक, तिकडं एक. म्हणजे चौकोनाकडं बघाल तेव्हा चार-पाच ओळींत एकेकच घर रिकामं.

हाऊसीत पार्किंगभर तिकिटं असतात आणि त्यांतल्या दोघा-तिघांचा 'एकच ऱ्हायलाय' होतो. इथं तो रोज, दर डावाला, तुमचाच होतो. योगायोग नाही तो. पंचवीस घरांना पंधराच्या पट्टीवर वीसदा फिरवलं, की डाव तिथंच येऊन टेकतो.

आणि नेमका तेव्हा पडद्यावर चौकट येते. जादा स्पिन हवी का?

(दृश्य: काकांचा फोन. चौकोनात एकच घर पांढरं. ६३.)

काका: "बघ की. त्रेसष्ट. एकच ऱ्हायलाय."

मी: "काका, पंधरातला एक आहे तो."

काका: "पंधरातला एक म्हंजे काय लांब हाय व्हय?"

जवळ वाटतो. पण ५ जादा स्पिन घेतल्या, तर १०० पैकी ७१ वेळा तो आकडा येत नाही. १० घेतल्या तर कुठं निम्मी-निम्मी. आणि मागच्या नऊ स्पिनमध्ये आला नाही म्हणून दहावीत तो कर्जफेड करायला येईल, असंही नाही. खिडकीला मागचं काही आठवत नाही. हाऊसीत मात्र पिशवीला आठवतं. काढलेली सोंगटी परत आत जात नाही, त्यामुळं तुमचा आकडा दर खेपेला खरोखर जवळ सरकत असतो. दोन्हीकडं शब्द तेच. अर्थ मात्र एका ठिकाणीच खरा.

पैशांच्या खेळांत या जादा स्पिनची किंमतही सरळ नसते. बक्षिसाच्या जितकं जवळ तुम्ही, तितकी ती महाग. पहिला डाव स्वस्तात, आणि शेवटचं घर सराफाच्या दुकानात.

असे खेळ आपला परतावाही, म्हणजे लावलेल्यातले सरासरी किती परत येतात तेही, जाहीर करतात. साधारण ९५ टक्क्यांच्या आसपास. ऐकायला बरं वाटतं, १०० तले ५ च गेले. पण मिळालेलं परत लावत राहिलं तर ९५ चे ९० होतात, ९० चे ८६, आणि विसाव्या फेरीला सरासरीनं हातात ३६ उरतात. हा हिशेब काकांनी बेदाण्यांवर मांडून बघितला. विसाव्या फेरीपर्यंत बेदाणे टिकलेच नाहीत, पण ते नातवंडांमुळं.

(दृश्य: सकाळ. मार्केट यार्ड. हळदीच्या राशी, पोती.)

सांगलीला आकड्यांवर नशीब लावायला कुणी शिकवायची गरज नाही. या गावात हळदीचा वायदे बाजार होऊन गेलाय. पीक शेतात असताना भाव ठरायचे. मटक्याचा आकडा कुठल्या पानटपरीच्या मागं फुटायचा, हे माझ्या वडिलांच्या पिढीला पाठ होतं. त्या सगळ्यात एक गोष्ट होती: आकडा फुटायची वेळ ठरलेली असायची. तोवर माणूस घरी जायचा, जेवायचा, बायकोच्या शिव्या खायचा. मध्ये दिवस असायचा.

फोनमध्ये दिवस नाही. काकांच्या हाऊसीला नव्वदातले सत्तर-ऐंशी आकडे काढेपर्यंत अर्धा तास लागतो, त्यात लाईट जाते, कुणाचं पोरगं रडतं. स्लॉटचं चाक काही सेकंदांत थांबतं. ब्रिटनमध्ये २०२१ च्या ऑक्टोबरअखेर नियमच करावा लागला, की ऑनलाइन स्लॉटची एक फेरी अडीच सेकंदांच्या आत उरकायची नाही. आपोआप फिरत राहणं बंद. आणि लावलेल्यापेक्षा कमी परत आलं तर जिंकल्यासारखं वाजवायचं नाही. म्हणजे तोवर १० लावून ४ आले तरी घंट्या वाजत होत्या. म्हणून म्हटलं, काकांचा ओला अंगठा असू दे.

आपल्याकडं तर पैशांचा दरवाजाच बंद झाला. पैसे लावून पैसे मिळवायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेत दोन दिवसांत झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पाचच दिवसांनी गणपती बसले. क्रिकेटच्या टीमा लावणारी आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्या आठवड्यात मंडपात वेळेवर आली, हे मंडळाच्या अध्यक्षांनी माईकवर सांगितलं आणि हशा झाला.

एक जण हसला नाही. त्याचं नाव-गाव सांगणार नाही. कुपवाडच्या कारखान्यात आहे. कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरच्या खेळात त्याचा पगार गेलाय, आणि अशा लिंका कायदा विचारून येत नाहीत. कॅमेरा बंद केल्यावर तो एवढंच म्हणाला, "हरलो म्हणून न्हाई गेले. प्रत्येक वेळी जिंकतच आलो होतो."

(दृश्य: परत गॅलरी. काकांचा फोन. नाणी: शून्य.)

नाणी संपली. पडद्यावर रुपयांतला भाव आलाय, खाली हिरवं बटण. काका बघतात. अंगठा जिभेपर्यंत जातो.

मावशी आतून: "अहो, झोपायचंय का न्हाई?"

काका फोन उलटा ठेवतात. "सकाळी सहाला फुकटची नाणी मिळत्यात," मला सांगतात. सहाचा गजर लावलेला मी बघितलाय. नोकरीत असताना पहिल्या गाडीसाठी पाचचा लावायचे. मावशीच्या मते ही प्रगती आहे. माझं अजून ठरलेलं नाही.

(दृश्य: दुसरी रात्र. पार्किंग. तीच पिशवी.)

आज फुल हाऊस रंगलंय. मावशीचे १४ बेदाणे जागेवर आहेत. नातू झोपलाय म्हणून. मावशी शेजारणीकडं झुकते.

"एकच ऱ्हायलाय."

"कुठला?"

"सत्तेचाळीस."

हे काकांना ऐकू गेलं, हे सगळ्या पार्किंगनं बघितलं. हात पिशवीत गेला. आत खुळखुळाट. प्लास्टिक, प्लास्टिक, मग पत्र्याचा एक बारीक आवाज.

(पोरं एका सुरात: "काका, चाचपायचं नाही!")

काकांनी डोळे मिटले, मान वर केली आणि हात बाहेर काढला.

(काका: "साठ आणि दोन, बासष्ट!")

मावशीनं त्यांच्याकडं असं काही बघितलं, की कॅमेरामननं आपणहून कॅमेरा गणपतीकडं वळवला.