युद्धकाळातलं बेसबॉल: कोणाला घेतलं, कोणाला नाही

मंडळी, पत्रिकेत विषय ‘युद्धकाळातलं अमेरिकन बेसबॉल’ असा छापलाय. मला बोलायचंय ते त्या काळात माणसं कशी निवडली गेली याबद्दल. चांगले खेळाडू लढायला गेले, संघ ओस पडले. रिकाम्या जागांवर कोणाला उभं केलं आणि कोणाला केलंच नाही? यातला दुसरा प्रश्न मला अनेक वर्षं छळतोय. त्याच्याकडेच जायचंय, पण वाट थोडी लांबची आहे.

जानेवारी १९४२. पर्ल हार्बरवरचा हल्ला होऊन पाचेक आठवडे झाले होते. बेसबॉलचे सर्वेसर्वा न्यायमूर्ती लँडिस यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहून विचारलं, यंदा खेळायचं की बंद ठेवायचं? दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: खेळ चालू ठेवणंच देशाच्या भल्याचं. लोक आता जास्त तास राबणार, त्यांना विरंगुळा लागणार. सामना दोन-अडीच तासांत संपतो आणि खिशालाही फार जड जात नाही. रात्रीचे सामने वाढवा, म्हणजे दिवसपाळीच्या माणसालाही ते बघता येतील. खेळाडू लष्करी वयाचा असेल, तर त्याने मात्र लष्करात जावं. महायुद्धाच्या धामधुमीत राष्ट्राध्यक्ष कामगाराच्या संध्याकाळचा विचार करतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. इंग्लंडमध्ये काउंटी अजिंक्यपद तेव्हा बंदच होतं. आपल्याकडे क्रिकेट चालू राहिलं. विजय मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध काढलेल्या नाबाद ३५९ धावा १९४३-४४ च्या मोसमातल्या. टाळ्या पोचल्या, पण आज मला क्रिकेटकडे ओढू नका, मग मी परत येणार नाही.

तर खेळाडू गेले. बॉब फेलर हल्ल्यानंतर लगेच नौदलात दाखल झाला. टेड विल्यम्स वैमानिक झाला. हँक ग्रीनबर्ग तर लष्करातून नुकताच सुटला होता. हल्ल्याची बातमी आली आणि तो पुन्हा भरती झाला, पुढे चीन-बर्मा-भारत आघाडीवर आला. पाचशेहून जास्त खेळाडू गणवेशात गेले. चेंडूसुद्धा सुटला नाही. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानने घेतल्यावर रबर मिळेना, म्हणून १९४३ च्या सुरुवातीला चेंडूच्या गाभ्यात बलाटा नावाच्या झाडाचा चीक वापरला. तो चेंडू असा मठ्ठ निघाला, की जीव खाऊन मारला तरी लांब जाईना. काही आठवड्यांतच तो बदलावा लागला. गाड्या सैन्यासाठी मोकळ्या राहाव्यात म्हणून मोसमापूर्वीचा सरावही फ्लोरिडाच्या उन्हात न होता उत्तरेकडच्या थंडीत व्हायला लागला.

आता माझा लाडका किस्सा. तो मी आवरता घेणार नाही, अध्यक्षांनी माफ करावं.

ओहायोतल्या हॅमिल्टनचा जो नक्सहॉल. डावखुरा, अंगाने थोराड, शाळकरी. खेळाडू हेरणारी माणसं आली होती त्याच्या वडिलांना बघायला, कारण वडीलही पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. पण घरात पाच मुलं, वडील कुठे जाणार? मग नजर मुलावर गेली. १० जून १९४४, सिनसिनाटी रेड्स विरुद्ध सेंट लुइस कार्डिनल्स. कार्डिनल्स त्या काळातला सगळ्यात बलाढ्य संघ, नामांकित फलंदाज स्टॅन म्यूझियल त्यांच्यातच. नववी, म्हणजे शेवटची इनिंग सुरू होती आणि रेड्स ०-१३ ने मागे. सामना हातचा गेलाच होता. व्यवस्थापक बिल मॅकेक्नी यांनी बाकावर बघितलं आणि या पोराला हाक मारली. वय पंधरा वर्षं दहा महिने. अमेरिकेच्या विसाव्या शतकातल्या अव्वल स्पर्धेत एवढा लहान कोणी खेळला नव्हता.

हाक ऐकून पोरगा धावत सुटला आणि बाकाजवळच्या पायरीला अडखळून तोंडावर आपटला. उठला, मैदानात गेला. पहिला फलंदाज बाद झाला, आणखी एक झाला. दोन बाद! तिघे बाद झाले की इनिंग संपते, म्हणजे एकच उरला. तेवढ्यात समोर कोण उभं आहे याचं भान त्याला आलं. पुढे त्यानेच सांगितलं, की काही दिवसांपूर्वीपर्यंत तो तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना चेंडू टाकत होता आणि आता समोर म्यूझियल. चेंडू कुठेही जायला लागले. पाच जणांना फुकटचा पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा मिळाला, दोन फटके बसले, पाच धावा गेल्या. तिसरा बळी काही मिळाला नाही, त्याला बाहेर घेतलं. रेड्स ०-१८ ने हरले. पण हा मुलगा खचला नाही. १९५२ मध्ये तो त्याच संघात परतला, १९६६ पर्यंत खेळला आणि नंतर कितीतरी वर्षं रेडिओवर रेड्सच्या सामन्यांचं समालोचन करत राहिला. सिनसिनाटीने त्याला डोक्यावर घेतलं, आणि योग्यच केलं.

दुसरा पीट ग्रे. लहानपणीच्या अपघातात उजवा हात गेलेला. १९४५ मध्ये तो सेंट लुइस ब्राउन्सकडून ७७ सामने खेळला. डाव्या हाताने झेल घ्यायचा, ग्लोव्ह उजव्या थोटकाखाली दाबायचा, चेंडू छातीवरून घरंगळत पुन्हा डाव्या हातात आणायचा आणि फेकायचा. हे सगळं निमिषात. तिसरा बर्ट शेपर्ड, लढाऊ वैमानिक. जर्मनीवर विमान पाडलं गेलं, उजवा पाय गुडघ्याखाली कापला. ४ ऑगस्ट १९४५ ला लाकडी नव्हे, पण कृत्रिमच पायावर उभा राहून त्याने वॉशिंग्टनकडून पाचाहून जास्त इनिंग पिचिंग केलं आणि एकच धाव दिली. या दोघांबद्दल मी दिवसभर बोलू शकतो.

पण चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा घाईने मांडतो.

शेपर्ड ज्या ग्रिफिथ स्टेडियमवर उभा राहिला, तेच मैदान होमस्टेड ग्रेज या निग्रो लीगच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धेतल्या संघाला भाड्याने मिळायचं. वॉशिंग्टनचा संघ बाहेरगावी असला की तिथे जोश गिब्सन खेळायचा. देशातल्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक. मालक क्लार्क ग्रिफिथ भाडं घेत होते. गिब्सनला संघात घेत नव्हते. पंधरा वर्षांचं पोर चालत होतं. एक हात, एक पाय चालत होता, आणि त्या माणसांचा मला अभिमानच आहे. काळी कातडी मात्र चालत नव्हती. लँडिस १९४२ मध्ये म्हणाले, अशी बंदी घालणारा कुठलाही नियम नाही. लेखी नव्हताच! १९४३ च्या डिसेंबरमध्ये कृष्णवर्णीय गायक-अभिनेते पॉल रोब्सन स्वतः मालकांच्या बैठकीत जाऊन बोलले. काही हललं नाही. एप्रिल १९४५ मध्ये बोस्टनच्या रेड सॉक्सने दबावाखाली जॅकी रॉबिन्सनसह तिघा कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेतली, नंतर साधा निरोपही धाडला नाही. हा रॉबिन्सन सैन्यात अधिकारी होता. टेक्सासमध्ये बसच्या मागच्या बाजूला जायला नकार दिला म्हणून त्याच्यावर लष्करी खटला चालला, त्यातून तो निर्दोष सुटला होता.

‘योग्य खेळाडूच मिळत नाहीत’ ही सबब युद्धाने उघडी पाडली, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडचे दलित गोलंदाज पळवणकर बाळू, त्यांना क्रिकेटमधल्या हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी जास्त सांगायला नको.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रुकलिन संघाचे प्रमुख ब्रँच रिकींनी रॉबिन्सनला करारबद्ध केलं आणि १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिनकडून उतरला. गिब्सन त्याच्या तीन महिने आधी, ३५ व्या वर्षी गेला. निग्रो लीगचे आकडे २०२४ मध्ये अधिकृत नोंदीत धरले, तेव्हा कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सर्वोच्च सरासरीचा मान गिब्सनकडे आला. ग्रिफिथ यांच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, क्यूबाचा कार्लोस पाउला, १९५४ मध्ये आला. रेड सॉक्सने तर १९५९ उजाडू दिलं. अध्यक्षांनी दोन प्रश्नांना परवानगी दिली आहे, विचारा.