लस टोचली, पण लागली का?

मंडळी, पत्रिकेत ‘वासरांचे लसीकरण’ असा विषय छापलाय. वेळापत्रक सांगणारच आहे, पण आधी बर्फाचं भांडण उरकून घेतो.

लस थंड ठेवायची हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. इतकं पक्कं, की बाटली थेट बर्फात खुपसतात, नाहीतर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर मुक्कामाला पाठवतात. अहो, थंड म्हणजे २ ते ८ अंश सेल्सिअस. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या या रोगांच्या लसींत मारलेले जंतू तेलात किंवा ॲल्युमिनियमच्या जेलमध्ये मिसळलेले असतात. त्यामुळेच लस टोचल्या जागी रेंगाळते आणि शरीराला शत्रूची ओळख पटायला सवड मिळते. गोठली की हे मिश्रण फुटतं. गंमत अशी की वितळल्यावर बाटली बऱ्याचदा नव्यासारखीच दिसते! हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर टाकून द्या. आणि गुठळ्या नाहीत, पण गोठली होती हे ठाऊक आहे? तरीही टाका. पेटीत बर्फ आणि बाटल्यांच्या मधे पुठ्ठा घाला. पुठ्ठा फुकट मिळतो, म्हणून त्याला कोणी मोजत नाही.

आता चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध. पोटात असताना गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, मिळत नाहीत. ती येतात चिकातून, आतड्यावाटे रक्तात. आतड्याचं हे दार साधारण २४ तासांत बंद होतं. म्हणून ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी ३ लिटर चीक, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. वार पडायची वाट बघत बसू नका. ‘मग जन्मतःच लसही टोचून टाकू’ असं कुणी म्हणेल. नको. चिकातली प्रतिपिंडं लसीलाच शत्रू समजून निकामी करतात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर पळतपळत: लाळ्या-खुरकूत चौथ्या महिन्यात, महिन्याभराने बूस्टर म्हणजे दुसरी टोचणी, पुढे दर सहा महिन्यांनी. बूस्टर चुकवलात तर पहिल्या टोचणीचा उपयोग फार टिकत नाही. घटसर्प आणि फऱ्या सहाव्या महिन्यापासून, दर वर्षी पावसाच्या महिनाभर आधी, कारण प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात. जंताचं औषध लसीच्या आठवडाभर आधी. ताप असेल तर लस पुढे ढकला.

ब्रुसेला या गर्भ पाडणाऱ्या रोगाची एस-१९ लस फक्त कालवडींना, ४ ते ८ महिन्यांत, जन्मात एकदाच. गोऱ्ह्याला नाही, गाभण गाईला तर नाहीच. गर्भ पडू शकतो. यात जंतू जिवंत असतात. हातमोजे, चष्मा घाला. सुई स्वतःला टोचली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गोचीड तापाची लस संकरित जनावरांसाठी महत्त्वाची. तीन महिन्यांनंतर देतात. आणि ही ठेवतात द्रव नायट्रोजनमध्ये, गोठवूनच. म्हणजे बर्फावरचं माझं सगळं व्याख्यान तिला लागू नाही.