मारुया: फिलिपिन्सची केळ्याची भजी

नमस्कार श्रोतेहो. आज तळणाच्या कढईशी उभं राहायचं आहे, पण पदार्थ आपल्याकडचा नाही. फिलिपिन्समध्ये दुपारी तीन-चारच्या सुमाराला, जेवणं उरकली की ‘मेरिएंदा’ची वेळ होते, म्हणजे मधल्या वेळचं खाणं. स्पॅनिश अमलात रुजलेली ही सवय आजही पक्की आहे. त्या वेळेला रस्त्याच्या कडेला जी कढई तापते, तिच्यात बहुतेक वेळा केळी असतात. कुठे साखरेत घोळून तळलेली आणि काडीला टोचलेली ‘बनाना क्यू’, कुठे पातळ पट्टीत गुंडाळलेलं ‘तुरोन’, आणि कुठे आपली आजची मारुया. बिकोल प्रांतात हिलाच सिनापोत म्हणतात.

कृती अवघड नाही. सगळं अवलंबून आहे केळ्यावर, म्हणून आधी केळ्याबद्दलच बोलू.

तिथे ही भजी ‘साबा’ केळ्यांची करतात. साबा बुटकं, जाड सालीचं, अंगावर ठळक कडा असलेलं. ते पिवळं झालं तरी त्यातलं पीठ पूर्ण विरघळत नाही, गर आवळ राहतो, त्यामुळे तेलात गेल्यावर त्याचा लगदा होत नाही. फिलिपिन्स हा केळ्यांचा मोठा निर्यातदार देश. पण मिंदानाओ बेटावरच्या मळ्यांमधून जहाजात चढतात ती प्रामुख्याने कॅव्हेंडिश केळी. आपल्या जळगावचं जी-नाईन त्याच कुळातलं. साबा मुख्यतः घरच्यांसाठी. मला या केळ्याचं फार कौतुक वाटतं. मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंनी टोमॅटोऐवजी केळ्याचं केचप करून दाखवलं, आणि ते आजही तिथल्या घराघरात आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला. त्यांचं नाव आपल्याकडेही माहीत असायला हवं.

आता आपण काय घ्यायचं? राजेळी. वसईकडे जिची सुकेळी करतात, तीच. दक्षिणेकडच्या माणसाच्या दुकानात नेंद्रन मिळालं तरी उत्तम. साल पिवळी, त्यावर थोडे काळे ठिपके, पण दाबलं तर बोट आत जाऊ नये, असं केळं निवडा. नेहमीचं बाजारातलं केळंच हाताशी असेल तर ते जरा कच्चट असतानाच घ्या.

राजेळी लांब असते, तिचे आडवे दोन तुकडे करा. एकेका तुकड्याला उभे तीन-चार काप द्या, पण एका टोकाला अर्धा इंच भाग जोडलेलाच ठेवा. मग तळव्याने अलगद दाबा; काप हातपंख्यासारखे पसरतात. हे पसरवणं नुसतं दिसण्यासाठी नाही. पीठ कापांच्या मध्ये शिरतं, कडा कुरकुरीत होतात आणि मधला भाग मऊ राहतो. गोल चकत्या करून हे साधत नाही.

पिठासाठी एक वाटी मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, एक अंडं आणि लागेल तसं दूध. अंडं चालत नसेल तर दूध थोडं वाढवा आणि दोन चमचे तांदळाचं पीठ घाला. पळीतून सलग धार पडेल इतपत सैल करा. घट्ट पिठात केळं हरवतं.

कढईत इंचभर तेल पुरे. खोबरेल असेल तर फारच छान, नारळाच्या त्या देशाची चव येते. आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर साखरेमुळे बाहेरून करपतं आणि आत पीठ कच्चं राहतं. बुडवलेला पंखा झाऱ्यावर घेऊन तेलात सोडा, म्हणजे मिटत नाही. दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की निथळा आणि गरम असतानाच साखरेत घोळवा. गार झाल्यावर साखर धरत नाही.

फार पिकलेली केळी उरली असतील तर मिंदानाओतल्या मुस्लिम वस्त्यांची रीत घ्या. तिथे ‘जाम्पोक’ करताना लातुंदान केळी कुस्करून पिठात मिसळतात आणि तळतात. हे लातुंदान एका फ्रेंच मिशनऱ्याने भारतातून तिकडे नेलं, असं तिथे सांगतात.

आणि घरात फणसाचे गरे असतील तर तुरोनही करून बघा. स्प्रिंग रोलच्या पट्टीवर केळ्याची उभी फोड ठेवा, तिच्यावर गऱ्याची एक पट्टी, वर थोडी ब्राऊन साखर, आणि घट्ट गुंडाळा. शेवटची कड पाण्याने नीट चिकटवा. साखर बाहेर आली तर सगळं तेल काळं पडतं.