कागद म्हणतो उचल, अंग म्हणतं थांब

मागच्यांना ऐकू येतंय ना? माईक खरखरतोय, चालेल. तर फैजपुरात कोणीही बोलायला उभं राहिलं की १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचा उल्लेख केल्याशिवाय खाली बसत नाही, तो मी आत्ताच करून टाकतो म्हणजे सुटलो. नेहरू अध्यक्ष, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. पण त्याच साली तिकडे कॅनडात हान्स सेल्ये नावाच्या माणसाने उंदरांवरचे प्रयोग छापले, त्याच्याकडे येतो, आठवण करून द्या.

विषय असा दिलाय की वजनं उचलायची ती कागदाप्रमाणे की अंगाप्रमाणे. कागद म्हणजे प्रोग्राम, बारा आठवड्यांचं वेळापत्रक, मंगळवारी स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका, इतके किलो, इतके सेट, सगळं आधीच ठरलेलं. अंगाप्रमाणे म्हणजे आज कसं वाटतंय ते बघून. आणि आहाराचं विचारू नका बरं का, जळगाव जिल्ह्यात उभं राहून केळी खा म्हणून सांगायची माझी हिंमत नाही.

मी कागदवाला. इतका की बारा आठवड्यांचा प्रोग्राम नेटवरून काढला आणि झेरॉक्सवाल्याकडे जाऊन लॅमिनेशन केलं. बायको म्हणाली एवढं तर लग्नाच्या दाखल्याचंही केलं नाही. आठ आठवडे मस्त गेले. नववा आठवडा आला मे महिन्यात, पारा पंचेचाळीस, आमची जिम पत्र्याखाली, त्यात लाईट गेलेली. आदल्या रात्री यावलला पुतण्याची हळद, रात्री दीडपर्यंत बँडपुढे नाचलो, वर कळण्याची भाकरी आणि भरीत, भरितावर तेल किती होतं ते सांगत नाही, डॉक्टर बसलेत समोर. झोप म्हणाल तर तीन तास. पण कागदावर लिहिलेलं, मंगळवार, शंभर किलो, पाच सेट, प्रत्येक सेटला पाच रेप्स, म्हणजे पाच बैठका.

साठ किलोचा वॉर्मअपच असा लागला की खांद्यावर बार नाही, बैलगाडीचं जू आहे. जिममधला पोरगा म्हणाला, सर आज राहू द्या. मी काही न बोलता लॅमिनेशनकडे बोट दाखवलं! पहिला सेट झाला, दुसरा कसाबसा. तिसऱ्यात दुसऱ्या रेपला खाली गेलो आणि खालीच राहिलो, कमरेत कट्ट झालं, दोन पोरांनी बार उचलला आणि दोघांनी मला. पुढचे अठरा दिवस मांडी घालता येईना. त्याच लग्नात सगळी भावकी पंगतीला खाली आणि मी म्हाताऱ्यांच्या रांगेत खुर्चीवर, माझ्या आत्याच्या शेजारी, ती मला विचारते, तुझे पण गुडघे गेले का रे? लॅमिनेशनचा फायदा एकच झाला, एवढा घाम सांडूनही अक्षर पुसलं नाही.

आता तुम्ही म्हणाल मग अंगाचं ऐकायचं. थांबा. माझा एक मित्र आहे, आज आलेला नाही म्हणून सांगतो, पक्का अंगवाला. आज मूड नाही भो, आज अमावस्या, आज पोटऱ्या भरल्यात. दंडाचा मूड याला रोज असतो, पायांचा चार वर्षांत दोनदा आला. चार वर्षांपूर्वी बेंचला, म्हणजे बाकावर आडवं पडून छातीवरून, साठ किलो मारायचा, आजही साठच.

मी भावाच्या मळ्यात खाटेवर पडलेलो तेव्हा केळीची कापणी चालू होती. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर, एकामागून एक, गाडी भरेपर्यंत. मुकादमाला विचारलं, तुम्हाला कसं कळतं आज अंग साथ देईल की नाही? तो म्हणाला, "घरून निघताना तर रोजच नको वाटतं साहेब. पहिले दोन-चार घड टाकले की कळतं. मग त्या हिशोबानं मी माणसं फिरवतो." मला त्या खाटेवरच उठून बसावंसं वाटलं, पण कंबर.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, पटापट.

सेल्येचं म्हणणं असं की ताण कुठलाही असो, थंडी, जखम, विष, शरीर आधी हादरतं, मग तोंड देतं, आणि ताण संपलाच नाही तर थकून बसतं. म्हणजे जागरण, ऊन आणि शंभर किलो हे माझ्या कमरेच्या लेखी एकाच खात्यातून जातं. कागद लिहिणाऱ्याला माझ्या पुतण्याची हळद माहीत नव्हती, त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही.

वजन टप्प्याटप्प्याने वाढवायचं हे अमेरिकन लष्करी डॉक्टर डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये जखमी सैनिकांवरच्या कामातून मांडलं. आणि १९७९ मध्ये नाईट नावाच्या माणसाने गुडघ्याच्या रुग्णांसाठी त्यात रोजचा हिशोब घातला, जो मुकादमाचाच आहे. पहिला सेट निम्म्या वजनाने दहा रेप्स, दुसरा पाऊण वजनाने सहा, तिसऱ्याला पूर्ण वजन आणि जमतील तेवढ्या रेप्स. पाच-सहा आल्या तर चौथ्यालाही तेच वजन, कमी आल्या तर उतरवा, भरपूर आल्या तर चढवा, आणि चौथ्यात किती आल्या त्यावर पुढच्या खेपेचं वजन. म्हणजे जायचं की नाही हे कागद सांगणार, तिथे मूडला विचारायचंच नाही. किती उचलायचं हे तिसरा सेट सांगणार. अमावस्या कुठेच येत नाही. आरपीईचं राहिलं, दहापैकी किती जड वाटलं ते, तत्त्व तेच, चहाच्या वेळी विचारा.

हो हो, संपवतो. ही माझी वही, लॅमिनेशन नाही केलेलं. कालचं पान वाचतो. बुधवार, स्क्वॉट, कागदावर पंच्याण्णव, तिसऱ्या सेटला चार आल्या, चौथा साडेब्याण्णवने. खाली शेरा, रात्री पुन्हा भरीत.